गणपतीची नवी गाडी
(नभोवाणीवरील भाषण)

आषाढाचा पाऊस थोडा उघडला कीं लालबाग-परळच्या गल्ल्यांतून एक ओळखीचा आवाज ऐकूं येऊं लागतो. ढोलताशांचा नव्हे, त्यांना अजून अवकाश असतो. हा आवाज लोखंडावर पडणाऱ्या हातोडीचा, आणि तिच्या जोडीला वेल्डिंगच्या ठिणग्यांची चरचर. वर्षभर ताडपत्रीखालीं झोपलेली गणपतीची गाडी चाळीच्या मागल्या अंगणांतून बाहेर काढलेली असते, आणि चारदोन तरुण तिच्या खालीं उताणे पडून कांहीं तरी खटपट करीत असतात. हिलाच आमच्याकडे ट्रॉली म्हणतात. आज मी बोलणार आहें तो या ट्रॉलीविषयीं.

मी व्यवसायानें शाळामास्तर होतों, यंत्रज्ञ नव्हे. आणि माझें शिक्षणही मॅट्रिकच्या पुढें गेलेलें नाहीं. तेव्हां मोठ्या विद्वत्तेची अपेक्षा कोणीं करूं नये. परंतु आमच्या चाळीच्या मंडळानें २०२३ सालीं नवी ट्रॉली घेतली तेव्हांपासून तिच्या डागडुजींत मींही हात काळे केले आहेत, आणि तीस वर्षें फळ्यावर काढून दाखविलेले त्रिकोण व तरफा रस्त्यावर कशा वागतात हें मला साठीनंतर प्रथमच कळलें.

गिरगांवांत केशवजी नाईकांच्या चाळींत १८९३ पासून गणेशोत्सव चालतो. तेथें मूर्ति लहान, आणि मिरवणूक पालखीची. पालखीला चाक नाहीं, आंस नाहीं, ब्रेक नाहीं. खांदा दुखला कीं माणूस बदलावा. माझें मन विचाराल तर मला तीच रीति पसंत आहे. पण लालबाग-परळचा बाणा निराळा. तेथें मूर्ति उंचच पाहिजे. २०२० सालीं महामारीमुळें सरकारनें सार्वजनिक मूर्तींस चार फुटांची मर्यादा घातली होती. २०२२ मध्यें ती उठली, आणि दोन वर्षें दाबून धरलेली हौस एकदम उसळली. भाड्याच्या ट्रॉल्या मिळेनात, मिळाल्या तर भाडें परवडेना. मग मंडळाच्या सभेंत ठरलें कीं स्वतःचीच गाडी करावी. ती कोठल्या कारखान्यांत बनली तें सांगण्याचें कारण नाहीं. रंग मात्र सुरेख होता.

ज्यांनीं खेड्यांतली बैलगाडी पाहिली आहे त्यांना ट्रॉली समजण्यास अडचण पडणार नाहीं. बैलगाडीला एक आंस आणि दोन चाकें. पुढचा भार बैलांच्या मानेवर. ट्रॉलीला आंस दोन, चाकें चार, आणि वर लोखंडी पन्हळींची एक चौकट. चौकटीवर फळ्या, फळ्यांवर मूर्ति. पुढें ओढण्याचा दांडा. एंजिन नाहीं, कोणी ट्रॅक्टर जोडतात, कोणी दोर लावून माणसांनीं ओढतात. दिसण्यांत इतकी सोपी वस्तु, कीं तिच्यांत बिघडण्यासारखें काय असणार असें कोणासही वाटावें. आम्हांलाही वाटलें.

पहिल्या रविवारीं ती रिकामी गाडी आम्हीं गल्लींतून फिरवून आणली. लहान मुलें वर बसलीं, कोणीं नारळ फोडला, पेढे वाटले. परत आल्यावर आमच्या चाळींतले एक जुने फिटर पुढें झाले. हे गिरणींत यंत्रें दुरुस्त करण्याचें काम करीत. १९८२ च्या जानेवारींत गिरण्यांचा संप झाला, गिरण्या गेल्या, आणि त्यांच्यासारख्या शेंकडों कसबी माणसांचें कसब घरीं बसलें. त्यांनीं कांहीं न बोलतां चारही चाकांच्या तुंब्यांवर एकामागून एक तळवा ठेवला. चौथ्यावरून हात झटकन् मागें घेतला. म्हणाले, “मास्तर, नवी गाडी म्हणजे अर्धी गाडी. राहिलेली अर्धी आपण करायची असते.”

चौथें चाक तापलें होतें, आणि तेंही रिकाम्या गाडीचें, चारशें पावलांच्या फेरींत. आतां तुंब्यांत काय असतें तें सांगतों. आंसाच्या टोकावर निमुळत्या पोलादी रुळांच्या दोन बेअरिंगा असतात, आणि चाक त्या रुळांवर लोळतें. लोळणाऱ्या वस्तूला घर्षण थोडें, घासणाऱ्या वस्तूला पुष्कळ. रूळ लोळते राहावे म्हणून त्यांना ग्रीस हवें, आणि किंचित् मोकळीक हवी. आम्हीं तुंबा उघडला तेव्हां आंत ग्रीसचा नुसता हात पुसलेला होता, आणि बाहेरचा नट इतका आवळलेला कीं रूळ लोळण्याऐवजीं घासत होते. पूर्ण भारानें ही गाडी चौपाटीकडे निघाली असती तर भायखळ्याच्या आधींच चाक धरलें असतें. मागें लाखभर माणसें, वर मूर्ति, आणि मध्येंच गाडी अडली म्हणजे काय होतें तें मुंबईकरांना सांगावयास नको.

मग चारही तुंबे उघडले. जुनें ग्रीस रॉकेलनें धुऊन नवें तळहातावर घेऊन रुळांच्या फटींतून दाबून भरलें. तें वरून फांसून उपयोग नाहीं. दुसऱ्या बाजूनें बाहेर येईपर्यंत दाबावें लागतें. त्यानंतर चाक हातानें फिरवीत फिरवीत नट घट्ट आवळावयाचा, आणि मग अष्टमांश ते पाव फेरा सैल सोडून त्यांत खिळ घालावयाची. बैलगाडीच्या चाकाला कुणी असते तिचेंच हें भावंड. पुढें चाक वर-खालीं धरून हलवून पाहावें. हाताला जेमतेम कळेल इतकीच हालचाल असावी. हें सर्व काम एका मनुष्याला शिकण्यास एक दुपार पुरते. आमच्या मंडळांतील मुलें आतां तें स्वतः करतात. त्यांतले कित्येक, ज्या जागीं एकेकाळीं गिरण्या होत्या त्याच लोअर परळच्या काचेच्या इमारतींत संगणकापुढें बसणारे आहेत. फिटरकाकांच्या हाताखालीं बसून एकानें मला विचारलें, “गुरुजी, हें आम्हांला शाळेंत कां नाहीं शिकविलें?” मला उत्तर सुचलें नाहीं.

दुसरी गोष्ट सांध्यांची. ओढण्याचा दांडा चौकटीला जेथें जोडलेला असतो तेथें सगळा हिसका बसतो. जोडावर रंगाचा जाड थर होता, आणि रंगाखालीं काय दडलें आहे तें डोळ्यांना दिसत नाहीं. येथें माझा खडू उपयोगी पडला. रंग खरवडून त्या जागीं रॉकेल लावावें, दहा मिनिटें थांबावें, फडक्यानें स्वच्छ पुसावें, आणि वर खडूची पूड चोळावी. जोडाला केसाएवढी चीर असली तरी तींत शिरलेलें रॉकेल हळूहळू बाहेर येतें आणि पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उमटते. आमच्या दांड्याच्या मुळाशीं अशी बोटभर रेघ उमटली. तेथें नुसता वरून वेल्डिंगचा थर देणें म्हणजे भिंतीच्या भेगेवर चुना फांसणें. चीर तळापर्यंत खोदून, मग भरून, शिवाय दोन्ही बाजूंस त्रिकोणी पट्ट्या जोडल्या. वेल्डिंग मात्र आम्ही स्वतः केलें नाहीं. ज्याचा हात त्यांत बसलेला आहे अशाच कारागिराकडून करविलें. हौसेची सीमा कोठें संपते तें ओळखणें हाही दुरुस्तीचाच भाग आहे.

आतां तोलाकडे वळतों. हा विषय माझ्या आवडीचा, म्हणून थोडें सविस्तर सांगतों. आमच्या मूर्तीची उंची चौदा फूट आणि गाडीची फळी जमिनीपासून चार फूट. म्हणजे मुकुटाचें टोक अठरा फुटांवर. दोन चाकांमधील अंतर सहा फूट. सर्व वजनाचा गुरुत्वमध्य अंदाजें सात फुटांवर धरला. समजा, एका बाजूचें चाक सहा इंच खोल खड्ड्यांत गेलें. सहा फुटांस सहा इंच, म्हणजे बारास एक असा कल झाला. सात फुटांवरचा गुरुत्वमध्य सात इंच बाजूला सरकला. गाडी उलटण्यास तो तीन फूट, म्हणजे छत्तीस इंच सरकावा लागतो. मग भीति कशाची, असें वाटेल. भीति अशी, कीं त्याच वेळीं मुकुटाचें टोक दीड फूट बाजूला जातें, आणि तेथें दिव्यांची माळ, झाडाची फांदी, नाहीं तर तार असते. शिवाय चाक खड्ड्यांत हळू जात नाहीं, आपटतें. त्या हिसक्यानें मूर्ति झुलते. आणि नेमकें त्याच बाजूला पांचसहा उत्साही कार्यकर्ते फळीवर उभे असतात. मूर्ति पोकळ असून तिचे घोटे नाजुक असतात. गाडी उलटत नाहीं, पण मूर्ति भंगते.

यावर उपाय एकच: ओझें खालीं आणणें. कारखानदारानें शोभेसाठीं फळीवर दीड फूट उंचीची लोखंडी पेटी बसविली होती आणि मूर्ति त्या पेटीवर उभी राहावयाची होती. चार फुटांत ती पेटीही आलीच. ती आम्हीं काढून टाकली आणि मूर्तीचा पाट सरळ चौकटीच्या आडव्या पन्हळींवर बसविला. गुरुत्वमध्य जवळजवळ फूटभर खालीं आला, मुकुट दीड फूट खालीं आला. शोभेसाठीं गाडीभोंवतीं कापडी झालर लावली. या सुधारणेवर मंडळांत तीन दिवस वाद झाला. “शेजारच्या गल्लीपेक्षां आपली मूर्ति दिसण्यांत ठेंगणी होईल,” असें एका गटाचें म्हणणें. मीं खडूनें अंगणांत आकृति काढून दाखविली. आकृतीनें पटलें कीं फिटरकाकांच्या नजरेनें, हें सांगवत नाहीं.

वळणाचा प्रश्न याहून अवघड. चार चाकांच्या गाडीचा पुढचा आंस फिरता नसेल तर वळतांना चाकें फरफटतात. म्हणून पुढचा आंस एका वाटोळ्या चकतीवर बसवितात आणि दांडा वळविला कीं आंस वळतो. आमच्या गाडीला चकती होती. पण तिला अटकाव नव्हता. आंस अगदीं आडवा, काटकोनांत फिरूं शके. त्यांत धोका असा, कीं आंस जसजसा आडवा होतो तसतशीं पुढचीं दोन चाकें गाडीच्या मध्यरेषेजवळ येतात, आणि चार पायांवर उभी असलेली गाडी तीन पायांच्या तिवईसारखी होते. नेमकी वळणावरच ती दुबळी. आम्हीं दोन जाड सांखळ्या अशा बांधल्या कीं आंस अर्ध्या काटकोनापलीकडे जाऊंच नये. त्यामुळें गाडीला वळण्यास जागा जास्त लागूं लागली, हा तोटा. शिवाय कोणत्याही लांब गाडीचीं मागचीं चाकें पुढच्या चाकांच्या वाटेनें जात नाहींत. आंतला कोपरा कापतात. म्हणून आमच्या गल्लीच्या तोंडाचा नकाशा गच्चीवर खडूनें काढला, पुठ्ठ्याची गाडी करून ती मुलांकडून फिरविली, आणि कोठें वळणें सुरू करावयाचें तेथें रस्त्यावर पांढरी खूण केली.

उतारावर गाडी धरणार कोण? लालबागहून चौपाटीकडे जातांना चिंचपोकळीचा रेल्वेवरचा पूल लागतो. पूल चढावा लागतो, तसा उतरावाही लागतो. वजनकांट्यावर मूर्तीसह आमची गाडी तीन टन भरली. पंचविसांस एक असा उतार धरला तर ती एकशेंवीस किलोच्या जोरानें खालीं ओढ घेते. मनुष्य पाय रोवून वीस-पंचवीस किलोची ओढ बराच वेळ धरूं शकतो. म्हणजे हिशोबानें सहा माणसें पुरेत. पण रस्ता पावसानें ओला, गुलाल सांडलेला, पायांत चपला. म्हणून मागें दोन दोर, आणि प्रत्येक दोराला आठ माणसें, जीं नाचणार नाहींत अशीं निवडलेलीं. निवड करणें हेंच कठीण काम.

दोरांखेरीज मोगरी ठेविली. जळगांवांत १८७२ पासून कार्तिकी एकादशीस श्रीरामाचा रथ निघतो. तो थांबविण्यास आणि वळविण्यास चाकाखालीं लांकडाची मोगरी देतात, आणि मोगरी देणाऱ्यांचा तेथें मोठा मान असतो. आम्हीं बाभळीच्या चार मोगऱ्या करून घेतल्या. मात्र प्रत्येकीला चार फूट लांब मूठ बसविली, कीं वांकून हात चाकाजवळ नेण्याची वेळच येऊं नये.

याच पुलांविषयीं महानगरपालिका उत्सवापूर्वीं सूचना काढते, कीं करी रोड, चिंचपोकळी, भायखळा येथील जुन्या पुलांवर एका वेळीं सोळा टनांहून अधिक भार येऊं देऊं नये व तेथें थांबून नाचूं नये. पुष्कळांना वाटतें, आपली गाडी तीन टनांची, आपल्याला काय त्याचें? पण गाडीबरोबर माणसेंही येतात. पासष्ट किलोचा एक, अशीं दोनशें माणसें म्हणजे तेरा टन. तेरा आणि तीन सोळा. आमच्या मिरवणुकींत दोनशें माणसें केव्हांही असतात. हा हिशोब सभेंत मांडल्यावर बराच वेळ कोणी बोललें नाहीं. तेव्हांपासून आमचें वाजंत्री पुलाच्या अलीकडे थांबतें, गाडी थोड्या माणसांनिशीं पार होते, आणि बाकीचे मागाहून येतात.

विजेबद्दल बोलतांना माझा आवाज थोडा कडक होईल, त्याची क्षमा असावी. २७ एप्रिल २०२२ रोजीं तंजावरजवळ कलिमेडू गांवीं देवाचा रथ उच्च दाबाच्या तारेला लागून अकरा माणसें गेलीं. आपल्याच मुंबईंत २०२५ च्या विसर्जनाच्या वेळीं साकीनाक्यास तारेच्या स्पर्शानें एकाचा प्राण गेला व पांचजण जखमी झाले. दक्षिण व मध्य मुंबईंत बेस्टच्या वीजवाहिन्या बहुतेक जमिनीखालून जातात हें आमचें भाग्य. तरी रोषणाईच्या माळा, तात्पुरते जोड आणि नाना प्रकारच्या लोंबत्या तारा आहेतच. बांबूनें तार उचलून गाडी खालून काढण्याची आपल्याकडे चाल आहे. कोरडा बांबू बरा. पण भाद्रपदांतला बांबू कोरडा असतो काय? ओला बांबू विजेला वाट देतो. आम्हीं असें केलें: मुकुटाहून फूटभर उंच अशी काठी घेऊन दोन मुलें चार दिवस आधीं भर दिवसा सबंध मार्ग चालून आलीं, आणि जेथें काठीला तार जवळ आली तेथें थांबून नोंद केली. काठी तारेला लावावयाची नाहीं, हें निघण्यापूर्वीं दोनदां बजावलें. ती यादी संबंधित कचेऱ्यांत लेखी दिली.

गाडीवरच्या दिव्यांत तर मूळचीच चूक होती. जनित्रापासून दोनशें तीस व्होल्टची तार सरळ लोखंडी चौकटीवरून नेलेली, आणि जोड चिकटपट्टीनें गुंडाळलेले. गाडी ओली, कार्यकर्ते अनवाणी. तीं सर्व तारजोडणी काढून टाकली आणि बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे नवे एलईडी दिवे बसविले. उजेड पूर्वींपेक्षां उणा नाहीं, आणि जनित्राचा धूर व कानठळ्या गेल्या त्या निराळ्याच. ज्यांना जनित्राशिवाय चालतच नसेल त्यांनीं निदान गळती होतांक्षणीं प्रवाह तोडणारी कळ बसवावी. तीस मिलिअँपिअरची मिळते.

एवढें करून चौपाटीवर पोंचलों म्हणजे समुद्र. मैलोगणती चालून आलेल्या गाडीचे तुंबे थोडेबहुत तापलेले असतातच. ती तशीच पाण्यांत घातली तर आंतली हवा एकदम थंड होऊन आकुंचन पावते आणि तुंबा खारें पाणी आंत ओढून घेतो. पिचकारीचा दट्ट्या मागें घेतल्यासारखें. बाहेरून कांहीं दिसत नाहीं. पुढल्या वर्षीं बेअरिंग गंजलेली निघते. पहिल्या वर्षीं आमची दोन चाकें अशींच गेलीं. आतां वाळूवर आरती होईपर्यंत अर्धा तास गाडी उभी ठेवतों, तळवा लावून तुंबा गार झाल्याची खात्री करतों, मगच पाण्याकडे वळतों. आरतीला तेवढा वेळ लागतोच.

भरती-ओहोटीचें कोष्टक तर पंचांगाइतकेंच जवळ हवें. ६ सप्टेंबर २०२५ रोजीं निघालेला लालबागचा राजा दुसऱ्या दिवशीं सकाळीं चौपाटीवर आला. भरतीचें पाणी चढल्यामुळें मूर्ति नव्या तराफ्यावर घेतां येईना, आणि विसर्जन व्हावयास रात्रीचे नऊ वाजले. एवढ्या अनुभवी मंडळावर जर अशी पाळी येते, तर आमच्यासारख्यांनीं नव्या साधनाबद्दल किती सावध असावें? आम्हीं रिकामी गाडी फिरवून पेढे वाटले होते, त्याची मला त्या दिवशीं फार आठवण झाली. आतां दरवर्षीं वाळूचीं पोतीं भरून, पुरत्या तीन टनांनिशीं, रात्रीं रस्ता मोकळा असतांना गाडी फिरवून पाहतों.

परत आल्यावर झोपेनें डोळे मिटत असले तरी गोड्या पाण्यानें गाडी त्याच रात्रीं धुवावी. सकाळपर्यंत मीठ वाट पाहत नाहीं. दोन दिवसांनीं तुंबे उघडावे, ग्रीस बदलावें, खरवडलेल्या जागीं गंजरोधक रंग द्यावा. पुढें अकरा महिने गाडी एके ठिकाणीं उभी राहते. तेवढ्या काळांत सर्व भार टायरांच्या एकाच भागावर येऊन ते तेथें बसतात, आणि उन्हानें रबराला बारीक चिरा पडतात. म्हणून आंसाखालीं लांकडी ठोकळे देऊन चाकें अधांतरीं करावीं व पोत्यांनीं झांकावीं.

यंदा पोतीं काढल्यावर उजव्या मागल्या टायरावर नखभर चिरा दिसल्या. दुकानदार म्हणाला, अजून एक वर्ष चालेल. फिटरकाकांनीं चिरेंत नख घालून पाहिलें आणि मान हलविली. नवा टायर शनिवारीं येणार आहे. रविवारीं सकाळीं आठाला तो चढविण्याचें काम आहे, आणि चाळीच्या मागल्या अंगणांत मदतीला हात कमी आहेत.